लेखी काही नाही

मोठ्या बाजारात लाखोळीची कोवळी भाजी निवडत असताना सुलोचनाच्या पाठीवर मागून हात पडला आणि वळून बघण्याआधीच तिला कळलं, हा शोभाचा हात. शोभा कधी हात ठेवत नसे, टाकत असे. खांद्याच्या जरा खाली, चापट आणि थोपटणं यांच्या मधलं काहीतरी. लग्न होऊन दोघी भंडाऱ्याच्या एकाच गल्लीत सुना म्हणून आल्या तेव्हापासून तो हात असाच पडत आला होता, आणि गेली जवळजवळ दोन वर्षं पडला नव्हता. "काय वं सुलो, अख्खी टोपली उलटी करते का तिची?" शोभा म्हणाली आणि मोठ्यानं हसली. सुलोचनाच्या मुठीत भाजी तशीच राहिली. तिला आधी काही वाटलंच नाही. पाठीवरची ती जागा तेवढी गरम झाली, स्वेटरच्या आत. मग तिनं बघितलं, की शोभाचे समोरचे केस पूर्ण पांढरे झालेत आणि तिनं ते रंगवायचं सोडलंय. आपल्याला हे ठाऊक नव्हतं. इतक्या जवळून आपण हिला बघितलंच नाही कितीक दिवसांत. आपण दिसलो की शोभा भांड्यांच्या दुकानांच्या बाजूनं रस्ता ओलांडायची. एका लग्नात समोरच्या पंगतीतून अर्धं ताट टाकून उठली होती. तीच ही, थंडीच्या कोवळ्या उन्हात पिशवी सावरत उभी, आणि भाजीवालीशी भाव करते आहे, सुलोचनाच्या वतीनं.

घरी येताना दोघी एकाच रिक्षात बसल्या. शोभा सरळ स्वयंपाकघरात आली, पाट ओढून उंबऱ्याजवळ बसली, तिच्या जुन्या जागी, आणि म्हणाली, "अद्रक जास्त टाक." अनुपला, तिच्या मुलाला, मुलगी झाली होती. तिचा स्वतःचा गुडघा दुखत होता. आंधळगावच्या भावानं दोन मागांपैकी एक विकून टाकला, कोशाचं रेशीम विणणारं माणूसच मिळत नाही म्हणे. सुलोचना ऐकत होती आणि अधूनमधून तिला वाटत होतं की आपण फार हसतो आहोत. तिनं डब्यातली चिक्की काढून दिली, मग आठवून लोणच्याची बरणी भरून दिली. पैशाचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही. निघताना शोभा म्हणाली, "उद्यापासून तलावावर येतो मी फिराले. सहाले. येजो तू." आणि फाटक लावून गेली. सुलोचना दोन्ही कप हातात घेऊन उभी राहिली. विसळायचं मनात येत नव्हतं. इतक्या सहज? काही न बोलता, काही न विचारता? मग तिला वाटलं, असंच असतं, एवढ्या वर्षांच्या मैत्रीला कारण कुठं लागतं. हे वाटणं तिनं थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, गरम कपासारखं.

तिचे यजमान लक्ष्मणराव ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरातली अशी कामं मन लावून करत. मान वर न करता ते म्हणाले, "मुदत संपली न तिची."

"कायची मुदत?" सुलोचनानं विचारलं. विचारताना तिला आपलाच आवाज खोटा वाटला.

"कायची म्हणजे? दिवाळीनंतर तीन वर्षं झाली. आता तू कोर्टात गेली तरी कोणी उभं करणार नाही. समजलं तिले. म्हणून आली." त्यांनी एक शेंग फोडली. "हुशार आहे. चिक्की खाऊन गेली."

सुलोचना आत आली आणि कप विसळू लागली. पाणी बर्फासारखं होतं. तीन लाख रुपये तिचे स्वतःचे होते. टपाल ऑफिसच्या खिडकीमागे बसून काढलेल्या आयुष्याचे, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले. करोना सरल्यावर शोभानं घराच्या पुढच्या खोलीत कोशाच्या साड्यांचं दुकान टाकलं. लग्नसराईसाठी माल भरायचा होता, बँक फेऱ्या मारायला लावत होती. सुलोचनानं आपण होऊन चेक दिला. चेक का, तर लक्ष्मणराव म्हणाले म्हणून. कागद करू, असंही ते म्हणाले होते, तेव्हा ती त्यांच्यावरच चिडली होती. सालभरात परत करायचे ठरले होते. दुकान चाललं, पण तसं नाही चाललं. हायवेकडे मोठी शोरूम निघाली, गिऱ्हाईक तिकडे वळलं. पहिल्या वर्षी शोभानं दहा हजार आणून हातात ठेवले होते, रोख. पुढं "देतो वं" झालं, मग नुसतं "हो", मग फोन उचलायचं थांबलं. लक्ष्मणराव एका वकिलाला भेटून आले. वकील म्हणाला, सालभराचं बोलणं तोंडी, ते धरू नका; चेक वटला त्या दिवसापासून तीन वर्षं, त्याच्या आत दावा टाका. नाहीतर मुदतीच्या आत तिच्याकडून लेखी घ्या, की एवढं देणं आहे. तशी कबुली मिळाली तर तिथून नवी तीन वर्षं मोजायची. तोंडी चालत नाही. ते दहा हजार? पावती आहे? तिच्या हातचं काही आहे? नाही ना, मग ते दिलेच नाहीत असं समजा.

म्हणजे सुलोचनाला तारीख माहीत होती. हे तिला आता, सिंकपाशी, स्वतःशी कबूल करावं लागलं. लक्ष्मणरावांनी दसऱ्याला आठवण केली होती, दिवाळीच्या आधी पुन्हा केली होती, आणि दोन्ही वेळा ती "टाकू" म्हणाली होती. मग तो दिवस आला आणि गेला. त्या दिवशी तिनं घरातले सगळे पडदे धुतले. फार मोठ्या मनानं तिनं दावा सोडला होता, असं काही नव्हतं. वकिलानं नोटिशीचा कच्चा मसुदा दाखवायला पाठवला होता. तो वाचताना तिला कोर्टातल्या कागदाचा मथळा डोळ्यांपुढे दिसला होता, एकीकडे आपलं नाव, एकीकडे शोभाचं आणि मध्ये 'विरुद्ध'. तो एक शब्द तिला सोसला नाही. रागही होता, पैसेही हवे होते, फक्त तो शब्द नको होता. म्हणून पडदे. आणि तिकडे, चार घरं सोडून, शोभासुद्धा त्याच दिवसाची वाट बघत असली पाहिजे. दोघी एकच तारीख उशाशी घेऊन झोपत होत्या, या विचारानं तिला जरा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ती खांब तलावावर गेली नाही. जाग होती, साडीही नेसली होती, पण खाटेवर बसून राहिली. तिला आई आठवत होती. दोन उन्हाळ्यांमागे आई लाखनीच्या घरी वारली. पहाटेची वेळ, बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, आणि आईचा श्वास त्या घरघराटात कधी थांबला ते बाजूला बसलेल्या सुलोचनाला कळलंच नाही. उजाडल्यावर तिनं फोनवर एकच मजकूर सगळ्यांना पाठवला. आई गेली. आज पहाटे. लाखनीला आहे. दिवसभर हात जोडल्याची चित्रं येत राहिली, ज्यांना ती नीट ओळखतही नव्हती अशांचीसुद्धा. शोभाच्या नावासमोर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढं काही आलं नाही. तेरवीपर्यंत सुलोचना दिवसातून कितीदा तरी ते उघडून बघायची. शोभाला टायफॉइड झाला होता त्या वर्षी याच आईनं छोट्या अनुपला लाखनीला नेऊन महिनाभर सांभाळलं होतं. त्याला तिच्या हातच्या भाताची इतकी सवय लागली, की परत आल्यावर तो शोभाच्या ताटाकडे बघून रडायचा. ती आई गेली आणि शोभानं दोन शब्द लिहिले नाहीत. पैसे बुडाल्याचं दुःख सुलोचनाला रीतसर होत असे, बँकेचं पुस्तक पाहिलं की. हे दुसरं मात्र वेळी-अवेळी होई. तांदूळ निवडताना. ऑफिसच्या जुन्या मैत्रिणीशी बोलताना मध्येच. आणि काल आपण त्याच बाईला चिक्की दिली. लोणचं दिलं. आपल्या हातांना काही आठवत नाही का?

आठवडाभर ती शोभाला चुकवत राहिली. सकाळी उशिरा भाजीला जायची, गल्लीच्या दुसऱ्या टोकानं यायची. आता रस्ता ओलांडणारी आपण झालो, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याच दुपारी ती चपला घालून सरळ शोभाच्या दुकानात गेली. शोभा गादीवर एकटी बसली होती, साड्यांच्या घड्या बदलत. कोसा एकाच घडीवर फार दिवस राहिला की तिथं चिरतो. सुलोचनाला बघून तिचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्या क्षणी तिला कळलं, ही गप्पा मारायला आलेली नाही.

"तलावावर नाही आली तू," ती म्हणाली.

"वकिलाकडे गेली होती का तू?" सुलोचनानं विचारलं. ती बसली नव्हती.

शोभानं हातातली घडी पूर्ण केली. "गेली होती. अनुप घेऊन गेला होता. तुझ्या मिस्टरानं त्याले चौकात गाठून सांगितलं न, कोर्टात खेचीन म्हणून. तवा."

"काय म्हणे वकील?"

"म्हणे काही लिहून देऊ नका. मेसेज करू नका. देतो, देईन, असं काहीच नका लिहू. भेटलं का तोंडातून काही ना काही निघते, तर भेटू पण नका. मुदत जाऊ द्या."

"अन् मुदत गेल्यावर?"

"मंग म्हणे कुठंही फिरा."

"म्हणून त्या दिवशी बाजारात..."

"हो," शोभा म्हणाली. "मी तुले आधीच पाहिलं होतं. तिकडून, टमाटरवाल्याजवळून. पाय आपोआप वळले होते दुसरीकडे. मंग आठवलं का आता वळायचं काम नाही. मले किती हलकं वाटलं, तुले काय सांगू."

सुलोचनानं ठरवून ठेवलेली वाक्यं होती. ती आली नाहीत. आलं ते एवढंच, "आई गेली तवा?"

इतक्यात दारात एक बाई आली, सोबत लग्नाची मुलगी, कोशाची मरून रंगाची साडी दाखवा म्हणाली. शोभा उठली. फळीवरून तीन साड्या काढल्या, पहिलीचा पदर मोकळा केला आणि दुसरं टोक सवयीनं पुढं केलं. सुलोचनानं ते धरलं. धरल्यावर तिला कळलं की आपण धरलंय. दुकान नवीन असताना कितीतरी दुपारी ती अशीच टोक धरून उभी राहिली होती. दोघींच्या मध्ये ती साडी ताणलेली, उन्हात तिचा पोत दिसत होता, आणि मुलीची आई काठावरून बोट फिरवत होती. काठ रुंद नाही म्हणून त्या गेल्या. शोभानं आपल्या बाजूनं घडी घालायला सुरुवात केली, सुलोचनानं तिच्या बाजूनं, आणि घडी घालत दोघी समोरासमोर आल्या. तेव्हा, टोकाशी टोक जुळवताना, शोभा बोलली.

"वाचलं मी. इथंच बसली होती. अनुपले म्हटलं, दोन शब्द लिहितो रे. तो म्हणे थांब, वकिलाले विचारतो. वकील कोर्टात होता, फोन लागत नव्हता. संध्याकाळी लागला. म्हणे नका लिहू, एकदा बोलणं सुरू झालं का पैशावर येते. मंग नाही लिहिलं."

"माझ्या आईसाठी तू वकिलाले विचारलं?"

"विचारलं."

"अन् तो नाही म्हणाला."

"हो. त्या दिवशी दुकान बंद पण नाही ठेवलं. दोन साड्या गेल्या. चांगल्या भावात गेल्या." शोभाचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसा. "मले रडू नाही आलं, सुलो. भेवच इतकं होतं का दुसरं काही येतच नव्हतं. आता येते. आता काय उपयोग."

सुलोचनाला वाटलं होतं, हे विचारलं की आपण एकतर किंचाळू नाहीतर रडू. तसं काहीच झालं नाही. तिच्या मनात विचित्र शांतता पसरली, आणि त्या शांततेत तिला स्वच्छ दिसलं की ही बाई खोटं बोलत नाहीये. ती सहज म्हणू शकली असती, की मी आले होते घाटावर, लांबून हात जोडले. कोण बघायला गेलं होतं? ते ती म्हणाली नाही. सुलोचना गादीच्या कडेला बसली.

"कागद आणतो," शोभा एकदम म्हणाली. "लिहून देतो तुले. वकील म्हणे का मुदत गेल्यावर पण माणसानं देईन असं लिहून सही केली, तर ते देणं पुन्हा उभं राहते. म्हणून म्हणे ते तर बिलकुल करू नका. पण मी करतो." तिनं बिलांचं पुस्तक ओढलं, कोरं पान उलटलं, पेन शोधू लागली. गल्ल्यात शोधलं, उशीखाली शोधलं. मिळाल्यावर ते चालेना, तिनं दोनदा झटकलं. सुलोचना तिच्या हातांकडे बघत होती आणि मग तिनं तिचा चेहरा बघितला. त्या लग्नातल्या पंगतीतला तोच चेहरा, ताटावरून उठण्याच्या आधीचा. तोंड हसू बघत होतं आणि डोळे दरवाजाकडे. अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि आत्ताच ही अशी. लिहिल्यावर? उद्या सहा वाजता ती तलावावर येईल, परवा येईल, मग महिना उलटेल, अनुप विचारेल काय लिहून दिलं, मग पाय वळतील. तीन वर्षं आणखी. तेव्हा आपण किती वर्षांच्या असू? आपलाही गुडघा तोवर कोणत्या कामाचा राहील? आणि आपण? कागद ट्रंकेत ठेवू आणि दर दिवाळीला तारीख मोजू.

"नको लिहू," ती म्हणाली.

"काहून?"

"लिहिलं का तू पुन्हा दिसणार नाही."

"असं नाही होणार."

"होईन. तुले पण माहीत आहे."

शोभानं पेन खाली ठेवलं नाही. सुलोचना म्हणाली, "मी काही मोठेपणा करून नाही राहिली. पैसे सोडले नाही मी. माझे आहेत, मले पाहिजेत. फक्त कागद नको. दर महिन्याले येत जा. जमतीन तसे आण."

"अन् नाही जमले तर?"

"ते तू पाहून घे," सुलोचना म्हणाली आणि उठली.

घरी लक्ष्मणरावांनी विचारलं, "लिहून घेतलं?" ती नाही म्हणाली. "देत नव्हती?" देत होती, ती म्हणाली, मीच नको म्हटलं. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसे. "तुझे पैसे आहेत," शेवटी म्हणाले, "तू जाण." आणि रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं सुलोचनाला वाटलं नाही. अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, की आपण तीन लाखांना काहीतरी विकत घेतलंय आणि ते काय आहे ते नीट तपासून घेतलेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात शोभा आली. पाकिटात पाच हजार होते. ते तिनं चहाच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि चहा संपेपर्यंत दोघींची नजर त्या पाकिटावरून सरकत राहिली. बोलणं झालं, पण मीटर चालू असल्यासारखं. शोभा लवकर उठली. दुसऱ्या महिन्यात चार हजार होते, शंभराच्या नोटा जास्त. लक्ष्मणरावांनी काही न म्हणता ते मोजून कपाटात ठेवले. त्यांचा अबोला जरा सैल झाला. तलावावर दोघी भेटत होत्या, पण तिथंही महिना सरत आला की शोभाचं चालणं भरभर व्हायचं. सुलोचनाला हे आवडत नव्हतं, आणि पैसे येत असताना आवडत नाही म्हणणंही बरं दिसत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात पहिला आठवडा गेला, शोभा आली नाही. होळी झाली. तलावावरही ती दिसेना. दुसरा आठवडा गेला. दुकान दुपारी बंद दिसलं म्हणून कुणीतरी सांगितलं. सुलोचनानं फोन हातात घेतला आणि ठेवला. झालं तर. कागद नव्हता तरी तेच झालं. भय कागदात नव्हतं मग. किंवा ते तिच्यातच होतं, किंवा आपल्यातच, आपण दारात उभं राहून तिच्या हातात पाकीट आहे का ते बघतो त्यात. तिला मनाशी दिसू लागलं की आता बाजारात कोणत्या बाजूनं जायचं, पंगतीत कुठं बसायचं. ते सगळं पुन्हा शिकावं लागणार नव्हतं, पाठच होतं. एकदा तर तिला बरंही वाटलं. निदान ठाऊक असलेली गोष्ट होती ही.

शनिवारी सकाळी ती अंगणात कुरड्या घालत होती. गव्हाचा चीक शिजवून झाला होता, खाटेवर धुतलेलं लुगडं पसरलं होतं, आणि सोऱ्या फिरवून तिचं मनगट भरून आलं होतं. लक्ष्मणराव ओसरीवर पेपर वाचत होते. फाटक वाजलं. शोभा अंगणात येऊन उभी राहिली, घामानं डबडबलेली. हातात पिशवी नव्हती, पर्सही नव्हती. दोन्ही हात तिनं कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे समोर धरले होते. ती पुढं आली नाही. तिथूनच, लक्ष्मणरावांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुलो, या महिन्यात नाही जमले पैसे. पुढच्या महिन्यात जमतीन का ते पण नाही माहीत. एवढंच सांगाले आली."

पेपर खाली झाला. सुलोचना सोऱ्या धरून तशीच राहिली. अर्धवट सुटलेली एक कुरडई लुगड्यावर लोंबत होती. इतक्या वर्षांत शोभानं हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर वकीलही लागला नसता, तारीखही. सुलोचनाला राग आला नाही, गहिवरूनही आलं नाही. भांड्यात चीक निवत चालला होता आणि एकदा निवला की सोऱ्यातून उतरत नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता उभी काहून? हात धू अन् लाग. ऊन चढून राहिलं."

शोभानं चपला काढल्या.